बखरी बाजूला ठेवा, नमुना २० काढा

निवडणुकांचा हंगाम आला की वाचनाच्या याद्या निघतात. रविवारच्या पुरवण्यांत निघतात, परिसंवादांत निघतात, महाविद्यालयांतल्या शिबिरांत तर झेरॉक्स काढून वाटल्या जातात. ‘निवडणूक समजून घ्यायची असेल तर हे वाचाच’ असं म्हणत दहा-बारा पुस्तकं पुढे केली जातात. यादी कोणाचीही असो, साचा ठरलेला. वर तीन-चार अमेरिकी पुस्तकं: थिओडोर व्हाइट, जो मॅकगिनिस, ‘गेम चेंज’. मधे २०१४ नंतर दिल्लीहून आलेली इंग्रजी पुस्तकं, त्यात कोण कसं जिंकलं आणि कोणाच्या डोक्यातून कोणती घोषणा निघाली याची वर्णनं. आणि शेवटी, मराठीची लाज राखायला, अरुण साधूंची ‘सिंहासन’. यादीमागचा दावा बहुधा बोलून दाखवला जात नाही, पण तो असा: निवडणूक वॉररूममध्ये जिंकली जाते, म्हणून तिथे बसलेल्यांनी किंवा तिथे डोकावून आलेल्यांनी लिहिलेलं वाचलं की निवडणूक कळते.

मला हा दावा साफ नामंजूर आहे. पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यातली काही फार सुरेख आहेत, रात्र जागवतील इतकी. पण त्यांतून कळते ती निवडणूक नव्हे. जिंकणाऱ्याला आपला विजय कसा सांगायला आवडतो, एवढंच त्यांतून कळतं.

या प्रकारचं वाङ्मय आपल्याला नवं नाही. आपण त्याला बखर म्हणत आलो. बखरकार आश्रयदात्याच्या सांगण्यावरून, घटना होऊन गेल्यावर, शेवट माहीत असताना लिहायचा. त्यामुळे त्याच्या हकिकतीत धन्याचा प्रत्येक डाव आधीपासून ठरलेला असायचा आणि प्रत्येक शकुन खरा ठरायचा. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचा मुख्य झगडा याच सवयीशी होता. पानिपतावरच्या बखरी मागे सारून त्यांनी त्या काळातली अस्सल पत्रं छापली. रसद कुठे अडली, पैसा कुठून यायचा होता आणि आला नाही, हे त्या पत्रांत होतं. बखरींची भाषा त्यांनीही वाखाणली असेल, पण तारखा आणि कारणं त्यांनी बखरीतून उचलली नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी इतिहासात जिंकलेली ही लढाई आपण निवडणुकांच्या वाचनात पुन्हा हरतो आहोत.

अगदी ताजं उदाहरण घ्या. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगली अपक्ष विशाल पाटलांना. आठवडाभरात विश्लेषणं आली. आघाडीने संविधानाचा मुद्दा वाडीवस्तीवर नेला, कांदा पेटला, महायुतीची यंत्रणा गाफील राहिली. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी २३०च्या घरात महायुती, एकट्या भाजपच्या १३२ जागा. पुन्हा विश्लेषणं आली. महायुतीची बूथपातळीवरची बांधणी अचूक, आघाडी गाफील. पक्ष तेच, नेते तेच, यंत्रणाही बहुतांशी तीच. साडेपाच महिन्यांत गाफील अचूक कसे झाले आणि अचूक गाफील कसे, हे विचारायला कोणी थांबलं नाही. दोन्ही वेळी निकाल आधी लागला आणि बखर मागून लिहिली गेली.

आता आकडे पाहा. लोकसभेला दोन आघाड्यांच्या एकूण मतांमध्ये एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. म्हणजे ३० विरुद्ध १७ हा धडाकेबाज निकाल जवळजवळ बरोबरीच्या मतांतून निघाला होता. भाजपला लोकसभेत राज्यात २६ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा मिळाल्या ९. विधानसभेतही मतं २६ टक्क्यांच्या आसपासच, जागा १३२. हे आकडे घेऊन लगेच नाचायचं कारण नाही. लोकसभेला त्या पक्षाने २८ जागा लढवल्या होत्या, विधानसभेला १४९. मित्रपक्षांची मतं कुठे वळली आणि कुठे आटली, हेही वेगळं तपासावं लागतं. पण ‘जूनमध्ये लाट विरोधात होती, नोव्हेंबरमध्ये बाजूने आली’ या सरळ गोष्टीला खीळ घालायला एवढं पुरेसं आहे. मधल्या काळात जे खरोखर घडलं त्यातलं सगळ्यात वजनदार कलम कोणत्याही वॉररूमच्या पुस्तकात सापडणार नाही. ते शासन निर्णयात आहे. जूनच्या अखेरीस मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा निर्णय निघाला आणि ऑगस्टपासून बायकांच्या खात्यात महिना पंधराशे रुपये पडायला लागले. पात्रता, उत्पन्नाची अट, अर्ज कोणाकडे द्यायचा, सगळं त्यात क्रमवार आहे. विधानसभा निवडणुकीवरच्या कोणत्याही यादीत तो कागद पहिला यायला हवा होता.

वॉररूमवाल्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘पण सल्लागारांनी निवडणुका जिंकून दाखवल्या आहेतच ना?’ दाखवल्या आहेत. प्रशांत किशोर यांच्या खात्यावर २०१५चा बिहार आहे, २०२१चा बंगाल आहे. त्याच खात्यावर २०१७चा उत्तर प्रदेशही आहे, जिथे त्यांनी सल्ला दिलेल्या काँग्रेसला ७ जागा मिळाल्या. आणि २०२५च्या बिहारमध्ये जेव्हा पक्षही त्यांचा, झेंडाही त्यांचा आणि सल्लाही त्यांचाच होता, तेव्हा जन सुराजला एकही जागा मिळाली नाही. मी त्यांना हिणवत नाही. नवा पक्ष उभा करणं फार अवघड काम आहे, आणि ते करून पाहायची हिंमत त्यांनी दाखवली. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सल्ला ज्याच्यावर चढवला जातो तो पक्ष, त्याची माणसं, त्याची जातीपातींतली मुळं आधीपासून उभी असावी लागतात. पुस्तकं नेमकं हेच गाळतात. २००४ची ‘इंडिया शायनिंग’ मोहीम आपल्याला प्रचाराचं अपयश म्हणून शिकवली जाते. ती निवडणूक भाजप जिंकला असता, तर तीच मोहीम, तीच चित्रं, तेच घोषवाक्य आज व्यवस्थापनाच्या वर्गात यशाचा नमुना म्हणून शिकवलं गेलं असतं. मोहिमेत बदल काहीच नाही, निकाल तेवढा उलटा. असं शास्त्र मला पटत नाही.

या रांगेतली काही पुस्तकं प्रामाणिक आहेत, हे इथे नोंदवायला हवं. प्रशांत झा यांचं ‘हाउ द बीजेपी विन्स’ (२०१७) हे बातमीदाराने पायपीट करून लिहिलेलं पुस्तक आहे. शिवम शंकर सिंग यांचं ‘हाउ टू विन अॅन इंडियन इलेक्शन’ (२०१९) आतून बाहेर पडलेल्या माणसाने लिहिलं, त्यामुळे त्यात दुकानाची जाहिरात कमी आणि दुकानातला माल जास्त आहे. बाकीच्यांबद्दल गप्प बसणं बरं.

अमेरिकी पुस्तकांचं प्रकरण जरा वेगळं आहे. व्हाइट यांचं ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०’ हे या सगळ्या गोतावळ्याचं मूळ. उमेदवाराच्या खोलीत, विमानात, पडद्याआड बातमीदार शिरला तो इथून. पुढे प्रत्येक बातमीदार त्याच खोलीत घुसायला लागला, तेव्हा आपण हे काय सुरू करून बसलो अशी खंत खुद्द व्हाइट यांनीच व्यक्त केली. मॅकगिनिस यांनी १९६८मध्ये निक्सनच्या जाहिरातवाल्यांमध्ये बसून जे पाहिलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. उमेदवार दूरचित्रवाणीवर कसा ‘विकला’ गेला, याचं इतकं जवळून केलेलं वर्णन दुसरं नसेल.

पण हे सगळं बारामतीला किंवा बीडला लावून पाहायचं म्हटलं की घोटाळा सुरू होतो. अमेरिकेत उमेदवाराला आधी स्वतःच्या पक्षाच्या मतदारांकडून प्राथमिक फेरीत निवडून यावं लागतं, महिनोन्‌महिने, राज्यामागून राज्य. त्या पुस्तकांचा निम्मा भाग त्या फेरीतच खर्ची पडतो. आपल्याकडे त्या जागी तिकीटवाटप असतं. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या खिशात आहे, यादी दिल्लीतून कधी येते, माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोणाला बसवायचं, कोण बंडखोर म्हणून राहू द्यायचा आणि कोणाच्या फायद्यासाठी. महाराष्ट्रातल्या निम्म्या लढतींचा निकाल अर्ज माघारी घेण्याच्या त्या दिवशी लागतो असं कार्यकर्ते म्हणतात, आणि मला त्यात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. यावर व्हाइटकडे एक ओळ नाही, असणारही नाही. दोष त्यांचा नाही. दोष ते पुस्तक इथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवणाऱ्याचा आहे.

एक अमेरिकी पुस्तक मात्र मी यादीत ठेवीन, आणि तेच नेमकं याद्यांमध्ये दिसत नाही: रॉबर्ट कॅरो यांच्या लिंडन जॉन्सन चरित्राचा दुसरा खंड, ‘मीन्स ऑफ असेंट’ (१९९०). १९४८मध्ये टेक्सासमधून सेनेटसाठी जॉन्सन उभे होते. मतदान होऊन सहा दिवस झाल्यावर अ‍ॅलिस नावाच्या गावातल्या १३ क्रमांकाच्या पेटीतून त्यांच्यासाठी २०० मतं जास्त निघाली. त्या जादा मतदारांची नावं यादीत वर्णानुक्रमाने, एकाच शाईत, एकाच हातची होती. जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. ही गोष्ट कॅरोंना कोणा सल्लागाराने रंगवून सांगितली नव्हती. ते न्यायालयाच्या कागदांमागे लागले, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी त्या केंद्रावरचा निवडणूक अधिकारी लुइस सालास याला शोधून त्याच्याकडून कबुली मिळवली. राजवाड्यांना हे पुस्तक आवडलं असतं.

‘सिंहासन’बद्दल दोन वाक्यं. कादंबरी थोर आहे आणि जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपटही. पण ती निवडणुकीची कादंबरी नाही. दोन निवडणुकांच्या मधे मंत्रालयात, कामगारवस्तीत आणि बंगल्यांवर सत्तेची जी ओढाताण चालते, तिची आहे, आणि तिला निवडणुकीच्या यादीत टाकणारे बहुधा तिचं नाव वाचून थांबलेले असतात.

मग वाचायचं काय? माझं उत्तर रूक्ष वाटेल म्हणून थोडं सावकाश सांगतो. जे नाइलाजाने लिहिलं गेलं, जे सही आणि तारखेसकट आहे, जे विजय साजरा करायला लिहिलेलं नाही, ते वाचायचं.

सुरुवात पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांपासून करा. सुकुमार सेन यांनी १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल १९५५मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी अहवाल म्हणून नाक मुरडण्याआधी त्यातला मतदारयाद्यांचा भाग उघडा. उत्तरेकडच्या काही राज्यांत लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नाव द्यायला नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच लिहून घेतलं गेलं. सेन यांनी ठरवलं की नावाशिवाय मतदार होत नाही. नाव द्यायला मुदत वाढवून दिली, तरीही नावं आली नाहीत, तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नोंद काढून टाकावी लागली. एका अधिकाऱ्याने लिहिलेल्या त्या कोरड्या परिच्छेदात घरातली सत्ता आहे, राज्याची सत्ता आहे आणि दोघांची गाठ कशी पडली तेही आहे. पेट्यांचं प्रकरणही वाचा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याचं चिन्ह. त्यातल्या बारा लाखांहून जास्त पोलादी पेट्या एकट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती, ती फक्त योग्य पेटीत टाकायची. त्यामुळे मत खिशात घालून बाहेर आणून विकता यायचं, आणि विकत घेणाऱ्याचा माणूस आत जाऊन सगळी एकाच पेटीत कोंबायचा. पुढे खूण करायची पद्धत आली तिच्यामागे हे एक मोठं कारण. म्हणजे मतं विकत घेण्याचा धंदा प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे, आणि तो लिहून ठेवणारा पहिला माणूस निवडणूक आयोगातच बसलेला होता. याच्याच जोडीला ऑर्निट शानी यांचं ‘हाउ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ (२०१८) वाचा. राज्यघटना लागू व्हायच्या आधीच मतदारयाद्या तयार होऊ लागल्या, आणि निर्वासितांनी, संघटनांनी, साध्या माणसांनी पत्रं लिहून लिहून त्यात स्वतःला कसं घुसवलं, हे त्यांनी पुराभिलेखागारातल्या पत्रांमधून उभं केलं आहे. त्यात घोषणा नाहीत, सभाही नाहीत. अर्ज आहेत आणि त्यांना आलेली उत्तरं आहेत.

दुसरं, निवडणूक याचिका. इथे महाराष्ट्राचं धन अफाट आहे आणि कोणी ते उघडत नाही. १९५२मध्ये मुंबईच्या द्विसदस्य (एक सर्वसाधारण जागा, एक राखीव) मतदारसंघात डॉ. आंबेडकर नारायण काजरोळकरांकडून हरले. मतदाराला दोन मतं होती, आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. राखीव जागेसाठीचं मत वाया घालवा असा प्रचार झाला, असा आरोप करत आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता न्यायाधिकरणापुढे गेले. आंबेडकर हरले ते ‘काँग्रेसच्या लाटेत’ असं चार शब्दांत सांगून मोकळे होणाऱ्यांनी ही याचिका वाचावी. द्विसदस्य मतदारसंघाची रचना मतदाराच्या हातात नेमकी कशी चालत होती, हे दुसरीकडे कुठे इतकं उघडं पडत नाही.

आणि विलेपार्ले. डिसेंबर १९८७ची पोटनिवडणूक शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९मध्ये निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ते कायम केलं. या निकालाबद्दल आपल्याकडे सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते: ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.’ म्हटलं खरं. पण त्याच निकालात प्रभूंचं अपील फेटाळलं गेलं, त्यांची निवड रद्दच राहिली, आणि प्रचारसभांतल्या भाषणांसाठी बाळासाहेब ठाकऱ्यांनाही भ्रष्ट आचाराबद्दल जबाबदार धरलं गेलं. पुढे सहा वर्षांसाठी ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क गेला. ज्यांना हे सगळं ठाऊक असतं असे वाचक मला फार थोडे भेटले, कारण व्याख्या सगळीकडे छापली गेली आणि निकालातली भाषणं कोणी छापली नाहीत. ती निकालपत्रात आहेत. कोणत्या तारखेच्या सभेत काय बोललं गेलं, त्यातलं कोणतं वाक्य लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३मध्ये बसतं आणि का. शिवसेना मराठी माणसाच्या मुद्द्यावरून हिंदुत्वाकडे कशी वळली यावर जाड जाड पुस्तकं आहेत. तो वळण घेण्याचा क्षण, वक्त्याच्या तोंडून, या निकालपत्रात आहे.

त्याच दिवशी, त्याच न्यायपीठाने मनोहर जोशींचंही अपील ऐकून निकाल दिला. २४ फेब्रुवारी १९९०ला शिवाजी पार्कच्या सभेत जोशी म्हणाले होते की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. न्यायालयाने ते धर्माच्या नावाने मागितलेलं मत मानलं नाही, आशा मानली, आणि निवड वाचली. तेव्हा जोशी मुख्यमंत्री होते. एकाच दिवशी दोन निकाल, एकाच पक्षाची भाषणं, आणि दोन टोकांचे निष्कर्ष. प्रचाराच्या भाषेवर कोणाला पुस्तक लिहायचं असेल, तर हे दोन निकाल समोरासमोर ठेवून बसावं.

इथे एक रास्त आक्षेप येईल: कागदही खोटं बोलतात. बोलतात! उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब हा त्यातला सगळ्यात बोलका खोटारडा. निकालानंतर ३० दिवसांत तो द्यावा लागतो. २०२२पासून मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख अशी मर्यादा आहे. बहुतेक उमेदवार त्या मर्यादेच्याही बरेच खाली राहिल्याचं दाखवतात, आणि मतदारसंघात कोणालाही विचारा, लोक हसतात. पण हा हिशेब खोटा आहे हे कळायलाही तो आधी वाचावा लागतो. मंडप किती, खुर्च्या किती, वडापाव किती, ध्वनिक्षेपकाची गाडी किती दिवस आणि कोणत्या भावाने. शिवाय मर्यादा उमेदवारावर आहे, पक्षावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरायला सांगितला होता. सरकारने काही दिवसांत वटहुकूम काढून तो निकाल बोथट केला. पैशांच्या खेळाचं व्याकरण शिकायचं असेल, तर हा निकाल आणि तो वटहुकूम मिळून दोन धडे आहेत.

पुस्तकं आणि कागद यांचं नातं कसं असतं, त्याचा एक मासला मुंबईतलाच. जून २०१३मध्ये विनय सहस्रबुद्धे यांच्या ‘बियॉन्ड अ बिलियन बॅलट्स’ या पुस्तकाचं प्रकाशन होतं. भाषणात गोपीनाथ मुंडे म्हणाले की २००९च्या आपल्या लोकसभा निवडणुकीत आठ कोटी खर्च झाला. तेव्हाची मर्यादा २५ लाख. आयोगाने नोटीस काढली, मुंड्यांनी खुलासा दिला, प्रकरण पुढे मिटलं. निवडणूक सुधारणांवरचं ते पुस्तक आज किती जणांनी वाचलंय माहीत नाही. पण त्या एका वाक्यासमोर २००९चा दाखल केलेला हिशेब ठेवून पाहिला, तर पुस्तकाची बरीच प्रकरणं आपोआप समजतात.

शेवटी निकालांचे तक्ते. आपण विजयी आणि पराभूत अशा दोन ओळी वाचतो आणि पान उलटतो. २०२४च्या लोकसभेत साताऱ्यातून उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले आणि शशिकांत शिंदे हरले. बखर इथे संपते: राजघराणं, शरद पवारांच्या पावसातल्या जुन्या सभेची आठवण, वगैरे. तिसरी ओळ वाचा. एक अपक्ष, चिन्ह ट्रम्पेट, मतं ३७,०६२. शशिकांत शिंद्यांच्या पक्षाचं, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं, चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि यंत्रावरच्या त्या छोट्या चौकोनात दोन्ही चित्रं शेजारशेजारची वाटावीत अशीच. ही सगळी मतं चुकून पडली असं सिद्ध करता येत नाही. पण ज्याच्या सभा झाल्या नाहीत, ज्याचे झेंडे दिसले नाहीत, त्या अपक्षाला सदतीस हजार मतं पडतात आणि तो फरकापेक्षा मोठा आकडा असतो, तेव्हा प्रश्न विचारावाच लागतो. दिंडोरीत तर ट्रम्पेटवाल्या अपक्षाचं आडनावही याच राष्ट्रवादीच्या उमेदवाराचंच, भगरे. त्याला एक लाखाच्या वर मतं पडली, तरी भास्कर भगरे निवडून आले. चिन्हवाटपाच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या खोलीत काय होतं, यावर एकही शिफारसपात्र पुस्तक नाही. तक्ता आहे.

या तक्त्याची खालची पायरी म्हणजे नमुना २०. मतदान केंद्रवार निकाल. उभ्या रकान्यांत उमेदवार, आडव्या ओळींत केंद्रांचे क्रमांक, शेवटी नोटा आणि एकूण, अखेरच्या पानावर टपाली मतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो, कित्येकदा वाकडातिकडा स्कॅन केलेला. केंद्राचं नाव त्यात नसतं, नुसता क्रमांक. म्हणून शेजारी मतदान केंद्रांची यादी उघडायची: अमुक क्रमांक म्हणजे जिल्हा परिषद शाळा, उत्तरेकडची खोली, अमुक वाडी आणि तमुक वस्ती. मग कळतं की गावठाणातून लीड मिळालं आणि मळ्यांतून तुटलं, किंवा एका आळीने एकगठ्ठा दिलं आणि समोरच्या आळीने कोणालाच नाही. आपल्या मतदारसंघाचा नमुना २० घेऊन एक संध्याकाळ बसलात, तर ‘मराठा मतं’, ‘दलित मतं’, ‘शहरी मतं’ असे ठोकळे फेकणाऱ्या चर्चा पुन्हा ऐकवणार नाहीत. अभ्यासकांनी हे कष्ट पूर्वीपासून घेतले आहेत. पुणे विद्यापीठातल्या व. मं. सिरसीकरांनी १९६२च्या निवडणुकीत पुणे मतदारसंघातल्या मतदारांचा अभ्यास केला आणि १९६५मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पुढे सुहास पळशीकर आणि नितीन बिरमल यांनी महाराष्ट्राच्या राजकारणाचे स्थानिक संदर्भ तपासण्याचं काम मराठीत केलं. ही पुस्तकं विमानतळावरच्या दुकानात दिसत नाहीत, म्हणून यादीतही दिसत नाहीत.

‘पण सामान्य वाचकाला हे जमणार नाही, हे कोण वाचणार?’ हा शेवटचा आक्षेप. वाचतात, आणि नेमके ते लोक वाचतात ज्यांना निवडणूक लढायची असते. तालुक्याच्या कार्यकर्त्याने ‘गेम चेंज’ उघडलेलं नसतं, पण मागच्या वेळचे केंद्रवार आकडे त्याला तोंडपाठ असतात. कोणत्या वस्तीला टँकर द्यायचा आणि कोणत्या रस्त्याचं काम लांबवायचं, याचे हिशेबही त्याच आकड्यांवरून होतात. आकड्यांच्या अशा वापराच्या भीतीने निवडणूक आयोगाने २००८मध्ये टोटलायझरचा प्रस्ताव दिला. चौदा-चौदा केंद्रांची मतं एकत्र मोजायची, म्हणजे कोणत्या गावाने कोणाला मत दिलं हे उघड होणार नाही आणि सूड घेता येणार नाही. विधी आयोगाने २०१५मध्ये त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. मंत्र्यांच्या गटाचं म्हणणं पडलं की केंद्रवार निकाल कळलेलाच बरा, म्हणजे आपण कुठे कमी पडलो हे पक्षांना समजतं आणि तिथे जास्त काम करता येतं. टोटलायझर आला नाही. नमुना २० आजही केंद्रवारच निघतो, आणि त्याचे सगळ्यात मन लावून वाचणारे वाचक मंत्र्यांच्या त्या गटात आणि तालुक्याच्या त्या कार्यालयात आहेत.